यीस्टचा प्रकाश मोजताना

जानेवारी २०२५ मध्ये माझ्या पीएच.डी.ची शेवटची मोजमापं संपली. काम असं होतं: जिवंत यीस्ट पेशींमधून निघणारा अतिमंद प्रकाश कॅमेऱ्याने टिपायचा आणि दर सेकंदाला, दर चौरस सेंटिमीटरमागे किती फोटॉन (प्रकाशाचे कण) निघतात हे आकड्यात सांगायचं. सुरुवात केली तेव्हा नागपुरात हे काम केलेलं मला कोणी भेटलं नाही. शोधनिबंधांत पद्धत दोन परिच्छेदांत उरकलेली असते. कागद कुठे अडतो, पडद्याला कोणतं कापड चालतं, मे महिन्यात कॅमेऱ्याचं काय होतं, हे त्यात कुणी लिहीत नाही. पुढच्या माणसाला निदान तेवढं तयार मिळावं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी हा प्रकाश कसला ते सांगते, कारण यावरून फार गैरसमज आहेत. काजव्याकडे प्रकाशासाठी खास विकर असतं, यीस्टकडे तसं काही नाही. श्वसन चालू असताना ऑक्सिजनचे काही क्रियाशील रेणू तयार होतात, ते पेशीतल्या स्निग्ध पदार्थांवर आणि प्रथिनांवर हल्ला करतात. त्या ऑक्सिडेशनमध्ये काही रेणू क्षणभर उत्तेजित अवस्थेत जातात आणि उतरताना एखादा फोटॉन सोडतात. उत्तेजित कार्बोनिल गटांचा प्रकाश साधारण ३५० ते ५५० नॅनोमीटरमध्ये असतो, सिंगलेट ऑक्सिजनच्या (ऑक्सिजनच्या एका उत्तेजित रूपाच्या) जोड्यांचा ६३४ आणि ७०३ नॅनोमीटरच्या आसपास. एकूण तीव्रता सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरमागे दहा-वीसपासून हजारभर फोटॉनपर्यंत. डोळ्यांना हे दिसत नाही, कितीही वेळ अंधारात बसलं तरी.

१९२३ मध्ये रशियात गुर्विच यांनी कांद्याच्या मुळांवर प्रयोग करून पेशी किरण सोडतात असं मांडलं, पण ते थेट मोजण्याइतकं चांगलं साधन तेव्हा नव्हतं. १९५४ मध्ये इटलीत कोली आणि फाकीनी यांनी फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉन टिपणारी नळी) वापरून अंकुरणाऱ्या बियांमधून येणारा प्रकाश नोंदवला. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या अशा प्रकाशाची छायाचित्रं प्रसिद्ध केली, तो डोळ्यांना जाणवू शकणाऱ्या प्रकाशापेक्षा हजारपट मंद होता. याच संशोधनाचा हवाला देऊन 'ऑरा' मोजून आजार सांगणारे लोक पैसे घेतात. माझ्या नात्यातल्या एका काकूंनी असे पैसे दिले आहेत, म्हणून मला हे स्पष्ट लिहावंसं वाटतं: हा ऑक्सिडेशनच्या रसायनाचा प्रकाश आहे, आणि आकडा, एकक व अनिश्चितता यांशिवाय त्याच्या कोणत्याही रंगीत चित्राला अर्थ नाही.

जुलै २०२३ मध्ये विषय नक्की झाला. गाइड सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "उपकरण शोधण्याआधी कागदावर फोटॉन मोजा." तो हिशेब मी प्रत्येकाला करायला सांगेन. पेशींतून सेकंदाला चौरस सेंटिमीटरमागे ५०० फोटॉन निघतात असं धरा. एफ ०.९५ ची, म्हणजे खूप मोठ्या छिद्राची, लेन्स निम्म्या मोठेपणाची प्रतिमा देत असेल, तर वरच्या बाजूला निघालेल्या प्रकाशातला जेमतेम तीन टक्के तिच्यातून सेन्सरपर्यंत जातो. काचेत आणि सेन्सरच्या कार्यक्षमतेत आणखी घट होते. १६ मायक्रॉनच्या एका पिक्सेलला उरतो सेकंदाला साधारण ०.०००१ इलेक्ट्रॉन. म्हणजे वीस मिनिटांचं एक्स्पोजर घेतलं, तरी दहा पिक्सेलांपैकी एक-दोघांनाच एखादा फोटॉन मिळणार. साधा कॅमेरा इथेच बाद होतो. इथे लागतो खोल थंड होणारा सेन्सर, मोठे पिक्सेल, आणि मिळालेला एकेक इलेक्ट्रॉन वाढवून दाखवणारी सोय.

असा ईएमसीसीडी कॅमेरा नवा घ्यायचा तर तीसेक लाख लागतात. फेलोशिपच्या कंटिन्जन्सीत (किरकोळ खर्चाच्या रकमेत) तो विचारही शक्य नव्हता. देशभरातली संशोधन उपकरणं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात आणि वेळ आरक्षित करता येतो. मी तिथूनच सुरुवात केली, पण मला उपकरण कित्येक महिने अंधारात, एकाच जागी हवं होतं. शेवटी शहरातल्याच एका संस्थेत जुन्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेला, वापरात नसलेला ५१२ × ५१२ पिक्सेलचा कॅमेरा असल्याचं कळलं. उणे ८० अंशांपर्यंत थंड होणारा.

तो 'उसना' घेण्याचा कागद चार महिने फिरला. अडचण अशी की वस्तू त्यांच्या डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) होती आणि बाहेरच्या विभागाला द्यायची तर कोणत्या शीर्षाखाली द्यायची हे कुणालाच ठरवता येईना. विभागप्रमुखांचं विनंतीपत्र, आमच्या बाजूचं हमीपत्र, विम्याचा कागद, मग त्यांच्या समितीची मंजुरी. एकदा संपूर्ण फाइलच टेबलावरून दिसेनाशी झाली. माझ्याकडे प्रत्येक पत्राची आवक क्रमांक टाकलेली पोच होती, त्यामुळे दुसरी फाइल दोन दिवसांत उभी राहिली. पोच घेतल्याशिवाय कुठलंही पत्र देऊ नका, आणि गेटपासवर 'परत करावयाच्या अटीवर' असं लिहून घ्या. कॅमेरा, वीजपुरवठ्याचा डबा, केबल आणि सॉफ्टवेअरची डोंगल (जिच्याशिवाय ते चालत नाही ती छोटी किल्ली) यांची वेगवेगळी नोंद करा. परत करताना त्या डोंगलवरूनच जास्त विचारणा होते.

दरम्यान कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे कॅमेऱ्याचे आकडे खऱ्या फोटॉनांशी जुळवण्यासाठी, लागणारा फोटोडायोड मागवला. याच्यासोबत प्रमाणपत्र येतं: कोणत्या तरंगलांबीला एक वॉट प्रकाशामागे किती अँपिअर विद्युतप्रवाह मिळतो, आणि ही साखळी कोणत्या राष्ट्रीय मापनसंस्थेपर्यंत जाते. आपल्याकडे ती संस्था म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. प्रमाणपत्र नसलेला तसाच डायोड खूप स्वस्त मिळतो आणि खरेदी समितीत पहिला प्रश्न तोच आला. मी सांगितलं की माझ्या प्रबंधातला प्रत्येक आकडा या एका कागदावर उभा राहणार आहे. तीन कोटेशन, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर ही वस्तू नसल्याचा अहवाल, तुलनात्मक तक्ता, हे सगळं जोडून जीएसटीसह सुमारे ६८ हजारांची ऑर्डर नोव्हेंबरमध्ये गेली. माल फेब्रुवारीच्या शेवटी आला आणि बिल नेमकं मार्च एंडिंगच्या गर्दीत सापडलं. लेखा विभागातल्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं की माल मिळाल्याचा दाखला आणि स्टॉक एंट्री त्याच दिवशी करून आणा. तसं केलं म्हणून ३१ मार्चच्या आत बिल निघालं. ती तारीख हुकली असती तर रक्कम परत गेली असती.

यीस्टचं मात्र सोपं झालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून, म्हणजे एनसीआयएममधून, साधं सॅकरोमायसीस मागवलं. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, शुल्क, मग स्लँट (यीस्ट वाढवलेली नळी) घरपोच. जनुकीय बदल केलेला प्रकार नसल्यामुळे जैवसुरक्षा समितीची लांबलचक प्रक्रिया लागली नाही.

आता अंधार. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो योग्य ठिकाणी गेला असं आजही वाटतं.

विभागात फोटोग्राफीची जुनी डार्करूम होती, अडगळीने भरलेली. ती रिकामी करून भिंतींना शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला. आत ठेवायची अॅल्युमिनियमची पेटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून ११ हजारांत करून घेतली. पडद्यासाठी गांधीबागेत काळं मखमल घ्यायला गेले, तेव्हा सोबत टीव्हीचा रिमोट नेला होता. कापडाची घडी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरायची, मागून रिमोटचं बटण दाबायचं. डोळ्यांना ठार काळ्या दिसणाऱ्या तीन कापडांमधून रिमोटचा इन्फ्रारेड दिवा मोबाइलच्या पडद्यावर जांभळट चमकला. बरेचसे काळे रंग जवळच्या इन्फ्रारेडला पारदर्शक असतात आणि आपला सेन्सर तिथेही पाहतो. दुकानदारालाही कुतूहल वाटलं, त्यांनी स्वतः गोदामातून जाड विणीचं मखमल काढून आणलं. २६० रुपये मीटर. दोन पदरी शिवून घेतल्यावर रिमोट दिसेनासा झाला.

काळ्या अॅनोडाइज्ड धातूचीही तीच गत, इन्फ्रारेडमध्ये तो बऱ्यापैकी उजळ असतो. म्हणून पेटीच्या आतूनही फळ्याचा रंगच दिला. केबलची भोकं सरळ ठेवू नका, वळण देऊन आत घ्या. यूपीएसचा हिरवा दिवा, एसीचा आकडा, स्मोक डिटेक्टरचं लुकलुकणं, सगळ्यावर काळी टेप. प्रयोगशाळा सहायक काका रोज दार उघडून विचारायचे, "मॅडम, अंधारात काय शोधून राहिले तुम्ही?" पुढे त्यांनीच दाराच्या खालच्या फटीतून कॉरिडॉरचा उजेड येतो हे पकडलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकून ती फट बंद केली.

एप्रिल-मे २०२४. या दिवसांत नागपुरात असं काम करणाऱ्याने कॅमेरा थंड कसा होतो हे समजून घ्यायलाच हवं. आतला पेल्टिअर (विजेवर चालणारा थंडावा देणारा भाग) सेन्सरची उष्णता मागच्या बाजूला ढकलतो, ती पंख्याने खोलीत सोडली जाते. खोलीच चाळिशीत असेल तर उणे ८० गाठणं अवघड. आणि तापमान स्थिर राहणं हे गाठण्याहून महत्त्वाचं. प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये काही इलेक्ट्रॉन आपोआप सुटतात, तो डार्क करंट माझ्या कॅमेऱ्यात पेशींच्या अपेक्षित प्रकाशाच्या सात-आठपट होता. सेन्सर एका अंशाने गरम झाला तर तो दहाएक टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एका अंशाचा फरक जवळजवळ पेशींच्या सगळ्या प्रकाशाएवढा दिसतो! किराणा दुकानदार तेल तोलण्याआधी भांड्याचा धडा करून घेतो, तसा इथे दर सत्राला अंधाराचा धडा करावा लागतो; आणि भांड्याचंच वजन मध्येच बदललं तर तोलण्याला अर्थ उरत नाही.

आमच्या मजल्यावर वाळ्याचे कूलर चालतात. त्यांची दमट हवा थंड पृष्ठभागांवर लगेच दव धरते, त्यामुळे डार्करूमकडे येणारा कूलरचा झोत बंद केला, छोटा एसी लावला आणि कॅमेऱ्याला पाण्याचं अभिसरण जोडलं. पाणी खोलीच्या दवबिंदूपेक्षा थंड होऊ द्यायचं नाही. मेच्या कोरड्या हवेत हे सहज जमतं, जुलैत मात्र दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांवर असतो आणि पाण्यात बर्फ टाकण्याचा मोह महागात पडू शकतो. लाइट जाण्याचा प्रश्न होताच. यूपीएसवर कॅमेरा आणि पाण्याचा पंप दोन्ही ठेवा, नुसता कॅमेरा ठेवून भागत नाही.

जूनमध्ये कॅलिब्रेशन सुरू झालं. पहिली पायरी, कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून इलेक्ट्रॉन काढणं. एकसारख्या उजेडाच्या जोड-फ्रेम घ्यायच्या, उजेड वाढवत न्यायचा आणि सरासरीसमोर आकड्यांच्या विखुरणाचा आलेख काढायचा. रेषेच्या उतारावरून एका इलेक्ट्रॉनमागे किती अंक पडतात ते कळतं. ईएम गेन, म्हणजे एकेक इलेक्ट्रॉन वाढवून दाखवणारी ती सोय, चालू असेल तर वाढवण्याच्या प्रक्रियेतूनच विखुरण दुप्पट होतं, ते धरलं नाही तर इलेक्ट्रॉन निम्मेच मोजले जातात. हा गेन तापमानाने आणि कॅमेऱ्याच्या वयाने सरकतो, म्हणून जुन्या पुस्तिकेतल्या आकड्यावर विसंबू नका, दर सत्राला तपासा.

दुसरी पायरी, खरा फोटॉनांचा मापदंड. सीताबर्डीहून आणलेला ५२५ नॅनोमीटरचा हिरवा एलईडी, स्थिर विद्युतप्रवाहावर, दुधी काचेमागे. आधी त्याच्यासमोर प्रमाणित फोटोडायोड. या तरंगलांबीला त्याचा प्रतिसाद ०.३ अँपिअर प्रति वॉट धरला तर १ नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ९ अब्ज फोटॉन. मला हवे होते काही शेकडे. मधे कोटीचा फरक! तो एनडी फिल्टरांनी, म्हणजे प्रकाश ठरावीक पटीने कमी करणाऱ्या काचांनी, भरून काढायचा: घनता १ म्हणजे दहापट कमी, २ म्हणजे शंभरपट; माझ्याकडे घनता १, २ आणि ४, मिळून ७. हे तिन्ही एकत्र मोजायला डायोड असमर्थ, म्हणून प्रत्येकाची घनता त्याच ५२५ नॅनोमीटरला स्वतंत्र मोजली. छापलेली घनता आणि मोजलेली घनता यांत फरक निघतोच, आणि घातांकात असल्यामुळे ०.०५ चा फरक अंतिम आकड्यात १२ टक्के होतो. फिल्टर एकमेकांना समांतर ठेवले तर प्रकाश त्यांच्यात पुन्हा पुन्हा परावर्तित होतो, जरासे तिरके ठेवावेत. डायोडचा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारा पिकोअमीटर भौतिकशास्त्र विभागाने दिला. रात्री अकरानंतर लिफ्ट बंद झाली की त्याचा काटा शांत व्हायचा, म्हणून ही मोजणी रात्रीचीच.

एकाच पद्धतीवर माझा विश्वास बसत नव्हता. दुसऱ्या वाटेने पडताळा घेण्यासाठी ल्युमिनॉल हे ऑक्सिडेशन होताना प्रकाश देणारं रसायन वापरलं. पाण्यात, हेमिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत त्याची क्वांटम यील्ड, म्हणजे दर शंभर रेणूंमागे निघणारे फोटॉन, १.२४ टक्के धरली जाते. म्हणजे एक पिकोमोल ल्युमिनॉल पूर्ण जळलं की साडेसात अब्ज फोटॉन बाहेर पडायला हवेत. त्याचा प्रकाश निळा, ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे लेन्सचं आणि सेन्सरचं निळ्यातलं गणित वेगळं लावावं लागलं. दोन्ही वाटांनी आलेले आकडे १८ टक्क्यांच्या आत जुळले. ऑगस्टमधली ती संध्याकाळ मला कायम लक्षात राहील. वहीत ते दोन आकडे शेजारी लिहिले, सरांना फोटो पाठवला आणि घरी जाताना गोकुळपेठेत थांबून पोटभर तर्री-पोहे खाल्ले.

मग पेशी. यीस्ट वाढवलेलं माध्यम स्वतःच मंद प्रकाश देतं, म्हणून पेशी दोनदा धुऊन, दाट द्रावण करून काचेच्या बशीत ठेवायच्या. प्लास्टिकची पेट्री डिश नको. खोलीतल्या उजेडाने ती 'भरते' आणि नंतर बराच वेळ स्वतःच प्रकाश सोडत राहते. पांढरा कागद, टिश्यू, स्टिकर हेही तसेच. सगळी मांडणी मंद तांबड्या दिव्यात केली आणि पेटी बंद केल्यावर तासभर थांबून पहिली फ्रेम घेतली. ऑक्सिडेशन वाढवायला पेशींना लोह आणि पेरॉक्साइड द्यायचं असतं; पेटीत ही रसायनं सोडायची नळी पारदर्शक असेल तर ती बाहेरचा उजेड थेट आत आणते, काळी नळी घ्या आणि दोन वळणं द्या.

वीस मिनिटांच्या फ्रेमवर डझनभर पांढरे ठिपके आणि रेघा दिसल्या तर घाबरू नका. वैश्विक किरणांतले म्युऑन नावाचे कण समुद्रसपाटीला मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक, या दराने येतच असतात. पाठोपाठच्या फ्रेमची पिक्सेलवार मध्यिका (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढली की ते निघून जातात.

दर सत्रात बशा चार: जिवंत पेशी, उष्णतेने मारलेल्या पेशी, नुसतं पाणी, आणि पेशींशिवाय रसायनं. ही चौथी बशी सोडायचा मोह होतो, कारण एका बशीमागे अर्धी रात्र जाते. पण लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आल्यावर पेशींशिवायही थोडा प्रकाश देतात, तो वजा केल्याशिवाय पेशींच्या नावावर काही टाकता येत नाही.

माझे निकाल साधे आहेत. विश्रांत यीस्टचा प्रकाश पाण्याच्या बशीपेक्षा जेमतेम वर आला, कित्येक रात्रींच्या फ्रेम एकत्र केल्यावर. लोह-पेरॉक्साइड दिल्यावर तो चढला, सेकंदाला चौरस सेंटिमीटरमागे काही शेकड्यांपर्यंत, आणि पुढे उतरत गेला. द्रावणातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढला की घटला, हवा दिल्यावर परत आला. त्या रात्री पडद्यावर फारसं काही दिसत नव्हतं, राखाडी कणांमध्ये बशीचा किंचित उजळ गोल. पण शेजारी आकडा होता, आणि त्या आकड्याला मागे डायोडच्या प्रमाणपत्रापर्यंत जोडता येत होतं. मला फार आनंद झाला.

परीक्षकांकडून येणारे प्रश्न तयार ठेवा. पहिला, प्रकाशाचा वर्णपट माहीत नसताना फोटॉन कसे मोजले? मी आकडे '५२५ नॅनोमीटर-समतुल्य' म्हणून दिले आणि निळ्या किंवा तांबड्या टोकाला ते किती सरकतील याचा तक्ता जोडला. दुसरा, फक्त वरच्या दिशेचा प्रकाश धरला की चहूबाजूंचा? इथे थेट दुपटीचा फरक पडतो, त्यामुळे व्याख्या पहिल्याच पानावर लिहा. तिसरा, एकूण अनिश्चितता. माझी २५ टक्के आली आणि तीत सर्वांत मोठा वाटा फिल्टरांच्या घनतेचा होता.

कॅमेरा परत देताना डोंगलसकट सगळी यादी जुळली. कच्च्या फ्रेम, डार्क फ्रेमसह, दोन हार्ड डिस्कवर आहेत आणि एक प्रत विभागाकडे. पेटी, मखमल आणि फिल्टर विभागाच्याच स्टॉकला आहेत. नागपूर किंवा आसपासच्या महाविद्यालयातल्या कुणाला वापरायचे असतील तर विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज करा, आणि पोच घ्या. पिकोअमीटरसाठी भौतिकशास्त्र विभागाला वेगळं पत्र लागतं. आणि काकांना आधी भेटा, डार्करूमची किल्ली त्यांच्याकडे असते.